डोळे काढले की बाप्पा

रघुनाथसरांनी पेणच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवली. मागच्या बाकावरची दांडगी पोरं त्यांच्या नुसत्या खाकरण्याने गप्प बसायची. घरात मात्र पहिलीतला विराज आणि अजून बालवाडीचंही तोंड न पाहिलेली अनन्या, या दोघांनी त्या खाकरण्याचा अर्थ आजोबांना खोकला झालाय, एवढाच लावला होता. एकदा तर अनन्याने त्यांना बळेच मध चाटवला. साखरेच्या पथ्यावर असलेल्या माणसाने तोही चाटला.

पुढे सरांना एक पद्धत सापडली. मोबाइल. मुलं गप्प, सर पेपरात, पत्नी सुहासिनीबाई भाजी निवडत. घरात अशी शांतता नांदू लागली की शेजारचे विचारायला आले, सगळे बरे आहेत ना? मग विराजला चष्मा लागला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, बाळा, मोबाइल किती वेळ बघतोस? शिक्षकाच्या घरातला मुलगा. खरं बोलला. म्हणाला, आई ऑफिसला गेली की सुरू करतो आणि आई आली की बंद करतो.

सून निशिगंधा रोह्यात एका बँकेत होती. ती रागावली नाही, आणि सर घाबरले ते त्यामुळेच. तिने जेवताना सहज सांगितलं की वरसे गावात एक फ्लॅट पाहून ठेवलाय, रोह्याला अगदी लागून, खालीच पाळणाघर आहे, मालकाला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. "तोवर बघू या," ती म्हणाली, "बाबांना मोबाइलशिवाय झेपतंय का." मुलगा हर्षद डोलवीच्या कंपनीत होता. घरात वाद निघाला की त्याची शिफ्ट सुरू व्हायची. तशी ती झाली.

त्यातच सुहासिनीबाईंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या रोह्याला निघून गेल्या. जाताना पिशवी उचलत म्हणाल्या, "अहो, ती मुलं गेली ना, तर या घरात आपण दोघंच उरू. याचा नीट विचार करा." सरांनी विचार केला. रात्रीच्या जेवणाला समोरासमोर बसलेले दोघं, मधे आमटी, आणि बोलायला आमटीचाच विषय. त्यांना घाम फुटला. मे महिना होता हे खरं, पण हा घाम वेगळा होता.

शुक्रवारी सकाळी निशिगंधा गेल्याबरोबर सरांनी मोबाइल कपाटात ठेवून कुलूप घातलं. सापशिडी झाली, त्यात मारामारी झाली. गोष्ट झाली, वाघ मेला म्हणून अनन्या रडली, वाघ जिवंत केला तर विराज म्हणाला हे चीटिंग आहे. यापुढे सरांचा साठा संपला. मग त्यांना आठवलं की आपण पेणमध्ये राहतो आणि गल्लीच्या टोकाला पुंडलिकचा गणपतीचा कारखाना आहे.

पुंडलिक एके काळचा त्यांचाच विद्यार्थी, भूमितीत नापास. ऐन हंगामाची घाई असूनही त्याने घमेलंभर भिजवलेली शाडू दिली, वर रंगाच्या उरलेल्या बाटल्या दिल्या आणि एवढंच म्हणाला, "सर, पोरांना अंगणात बसवा." सरांनी बाहेरचं ऊन पाहिलं आणि हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. वर्तमानपत्रांच्या कडा काटकोनात जुळवल्या. मनाचं समाधान झालं.

थोडा वेळ सगळं इतकं छान चाललं की सरांनी पेपर उचलला. अंथरलेल्यातलाच एक, कोपऱ्यातला. तेवढ्यात अनन्याने शाडूचा एक गोळा त्यांच्या नाकासमोर धरला. खाली जाड, वर बारीक, पुढे काहीतरी लोंबतंय. तो बटाटा होता, हे नंतर कळलं. पण पेणमध्ये पोराच्या हातात मातीचा गोळा दिसला की मोठ्या माणसाच्या तोंडून एकच शब्द येतो. सर म्हणाले, "वा, बाप्पा!" आणि पेपर बाजूला ठेवून त्यांनी हातही जोडले.

अनन्याने गोळ्याकडे नव्याने पाहिलं आणि त्याला मानाने सोफ्यावर बसवलं. सोफा क्रीम रंगाचा होता, निशिगंधाने हौसेने घेतलेला. सर उठले, गोळा उचलायला वाकले, तर विराज आडवा आला.

"आजोबा, थांबा. डोळे राहिले."

पुंडलिककाकाने त्याला मागेच सांगून ठेवलं होतं की मूर्तीचे डोळे शेवटी काढतात. तोवर ती माती; बिघडली तर मोडून पुन्हा मळायची. डोळे काढले की मात्र बाप्पा बघायला लागतो, मग हात लावायचा नाय. विराजने काळ्या मार्करने बटाट्याला दोन ठिपके दिले. बटाटा सरांकडे बघायला लागला.

आता विराज डोकेबाज मुलगा. वहीतलं प्रमेय कुठे वापरायचं हे मोठमोठ्यांना कळत नाही, त्याला कळलं. भिंतीवर अनन्याचा चिखलाचा पंजा उमटला होता, सर ओलं फडकं घेऊन येईपर्यंत पंजाला डोळे आले होते. फ्रिजच्या दाराला चिकटलेल्या लगद्याला डोळे आले. टीव्हीच्या काचेवर एक लांबट ओघळ होता, त्यालाही आले. त्याची सोंड डावीकडे आहे, असं विराजने समजावलं. सर ओरडले, खाकरले, मुलांच्या आजीची शपथ घातली. विराज शांतपणे म्हणाला, "आता नाय पुसायचं. तुम्हीच म्हणालात बाप्पा."

दुपारी धुणीभांडी करणारी हौसा आली. ती जवळच्या गागोदे गावची, सकाळी शेतावरचं उरकून यायची. दारातच थबकली, पदर डोक्यावर घेतला, टीव्हीला नमस्कार केला. सरांनी तिला परिस्थिती समजावून सांगितली, ही कशी नुसती माती आहे, प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय देवत्व कसं येत नाही, शास्त्र काय म्हणतं. हौसाने सगळं ऐकून घेतलं.

"व्हय सर, असंल तसं," ती म्हणाली. "मग तुम्हीच पुसा. मी भांडी घासते."

भांडी घासून ती गेली. लादीला तिने फडकंसुद्धा लावलं नाही, कारण लादीवरही तिघं बसले होते.

जेवून मुलं जरा लवंडली. हीच संधी. सरांनी बादली भरली आणि फडकं पिळून ते सोफ्यासमोर गुडघ्यावर बसले. ते देवभोळे नव्हते. घरची पूजा सुहासिनीबाई करायच्या, सर फक्त आरतीला टाळ्या वाजवायचे, त्याही बेतालात. बटाटा त्यांच्याकडे बघत होता. एक डोळा जरा वर, एक जरा खाली. त्यांनी फडकं पुढे नेलं. हात तिथेच राहिला. तोंड फिरवून पुसून पाहिलं, तर फडकं भलतीकडेच लागलं आणि डाग वाढला. सर बादलीशेजारी बसून राहिले. संध्याकाळी सून येणार, हे बघणार, काही न बोलता वरशाच्या फ्लॅटमालकाला फोन लावणार. रविवारी टेम्पो येईल. विराजचं दप्तर, अनन्याची तीनचाकी. मग आमटी.

त्यांनी रोह्याला फोन लावला. सुहासिनीबाईंनी एकच प्रश्न विचारला, "डोळे काढलेत का?" काढलेत म्हटल्यावर म्हणाल्या, "मग नका हो हात लावू." आणि बहिणीला औषध द्यायचंय म्हणून फोन ठेवला. एवढ्या शिकलेल्या बाईकडून सरांची वेगळी अपेक्षा होती. पण स्वतःकडूनही होती.

मागे वळून बघतात तो मुलं उठलेली. अनन्या घमेल्यात बसली होती. केसांपर्यंत शाडू, तीही वाळत आलेली, हसली की गालाला तडे जात होते. सरांनी तिला उचललं आणि न्हाणीघराकडे धाव घेतली. दारात तिने फ्रॉक वर केला. पोटावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, दोन टपोरे डोळे.

"तिला पाण्यात नाय घालायचं," विराज मागून म्हणाला. "विसर्जन होईल."

सर अनन्याला कडेवर घेऊन तिथेच उभे राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांचा सदरा हळूहळू कडक होत गेला.

निशिगंधा आली तेव्हाही ते उभेच होते. तिने चपला काढल्या, मान वर केली, चपलांच्या स्टँडवर कुणीतरी बसलेलं दिसलं आणि सवयीने तिचा हात कपाळाला लागला. लागून गेल्यावर तिने पाहिलं. मग भिंत पाहिली, टीव्ही, फ्रिज. सोफा सगळ्यांत शेवटी पाहिला. सरांनी दिवसभर एक वाक्य तयार ठेवलं होतं, तेवढंच त्यांच्याजवळ होतं.

"मोबाइल दिला नाही," ते म्हणाले. "एक मिनिटही नाही."

तिने विराजकडे पाहिलं. शिक्षकाच्या घरातल्या मुलाने मान डोलावली. मग त्याने आईला नियम सांगितले. निशिगंधाने ऐकून घेतलं, सोफ्याकडे गेली, बटाट्याशी नजरानजर झाल्यावर माघारी वळली आणि जमिनीवर बसली. बँकेतून आल्यावर ती कधी जमिनीवर बसलेली सरांनी पाहिली नव्हती. ती दमलेली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"किती दिवसांचे बसवलेत?" तिने विचारलं.

सरांना आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. दीड दिवस म्हणावं, की रविवारी सकाळी घर स्वच्छ. अंगाला शाडू नाही, भिंतीला डोळे नाहीत, आयुष्याला विराज नाही. पाठ मोडून गेली होती. कडेवरची अनन्या त्यांचा कान शाडूने भरत होती.

"आपल्या घरात दहा दिवसांचीच पद्धत आहे," ते म्हणाले.

"ते भाद्रपदात."

"पद्धत ती पद्धत."

निशिगंधाच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण सरांच्या चष्म्यावरही शाडू होती, त्यामुळे खात्री देता येत नाही. तिने अनन्याला त्यांच्या कडेवरून घेतलं आणि विराजला सांगितलं की ही बाप्पा नाही, बाप्पाचा उंदीर आहे आणि उंदराला आंघोळ चालते. विराजने पोटावरचे डोळे पुन्हा तपासले, शेपटीची चौकशी केली आणि परवानगी दिली.

नळ सुटल्याचा आवाज आला. त्याच आवाजात, दार उघडंच ठेवून, तिने वरशाच्या फ्लॅटमालकाला फोन लावला. सर भिंतीला कान लावायला गेले आणि पंजाने बघितलं म्हणून मागे सरले. ती त्याला सांगत होती की आत्ता काही सांगता येत नाही, दहा दिवसांनी कळवते, घरात गणपती आहेत. पलीकडून त्याने काहीतरी विचारलं.

"हो, मे महिन्यात," निशिगंधा म्हणाली. "पेणला बाराही महिने असतात."