सत्य सांगणारी पट्टी

शिवणकारखान्यात त्या दिवशी एकही मशीन चालू नव्हतं. शिलाईवाल्या बाया कापडाच्या गठ्ठ्यांवर चढून माना उंचावत होत्या, कारण कटिंगच्या टेबलापाशी साक्षात सत्य अवतरणार होतं. ते अत्तराचा घमघमाट सोडत आलं. त्याचं नाव जिव्हादर्शी, मालकांनी खोटं पकडायला बोलावलेले बाबा.

"कागद कुणाची भीड धरत नाही," जिव्हादर्शी म्हणाले. डबीतली कागदी पट्टी फाडून अर्धी त्यांनी जिभेवर ठेवली आणि साखर चाखल्यासारखे हसले. "मला पाण्यासारखी. मी जन्मात असत्य बोललो नाही. खोट्याच्या तोंडात मात्र हिचं विष होतं. आजवर दहांतले सात खोटे निघाले. जग बुडालंय, बाळांनो."

बायांनी हळहळत माना डोलावल्या. मागे उभ्या असलेल्या विज्ञानाच्या बाईंचे मात्र कान टवकारले. दहांत सात हा आकडा त्या दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहीत.

बाई आल्या होत्या धाकट्या बहिणीसाठी. धाकटी इथं इस्त्री करायची. सोमवारी ती घरी गेल्यावर तिच्या इस्त्रीखालचं कापड पेटलं आणि कपड्यांचा अख्खा लॉट जळाला. बटण बंद केलं होतं, असं ती तीन दिवस घसा फोडून सांगत होती. पट्टी कडू लागली की तिची नोकरी जाणार होती, आणि आग लावणारी म्हणून नाव झालं की दुसरीकडेही तिला कुणी उभं करणार नव्हतं.

धाकटीनं उरलेली अर्धी पट्टी तोंडात घेतली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"सापडली," मालक म्हणाले.

"ताई, मी खरंच बंद केलं होतं गं."

बाई पुढे आल्या. "मलाही द्या एक." त्यांनी चाखली. "कडू जहर. मी काय खोटं बोलले?"

"बालपणीचं काही असेल," जिव्हादर्शी म्हणाले.

"असेल. मालक, आता तुम्ही. पट्टी ठेवा आणि म्हणा, हा कारखाना माझा आहे."

मालकांनी रुबाबात पट्टी ठेवली आणि वाक्य अर्ध्यावर टाकून ते थुंकले.

"मग कारखाना कुणाचा?" एका कारागिरानं विचारलं. गठ्ठ्यांवर खसखस पिकली.

"या कागदाला एक रसायन लावलेलं असतं," बाई म्हणाल्या. "आपल्या एका जनुकात जिभेवरच्या एका प्रथिनाची कृती लिहिलेली असते. ते प्रथिन हे रसायन पकडतं, म्हणून दहांतल्या सातांना कडू लागतं. काहींच्या जनुकात बारीकसा फरक असतो. त्यांचं प्रथिन ते नीट पकडत नाही, मग कागद बेचव लागतो. या बाबांचं सगळं पुण्य ते एवढंच, तेही आईबापांकडून आलेलं. माझ्या वर्गातल्या काही पोरांनाही कडू लागत नाही. त्यांतली दोघं कॉपी करताना सापडलीत."

"सूक्ष्म गोष्टी पुस्तकी लोकांना कळायच्या नाहीत," असं पुटपुटत जिव्हादर्शी डबी आवरू लागले.

"ती इस्त्री कुणी उघडून बघितली?" बाईंनी विचारलं.

कुणीच बघितली नव्हती. चाळीस डोकी तीन दिवस धाकटीच्या तोंडाकडे बघत बसली होती. मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं स्क्रू काढले. बटणाच्या आतले दोन पत्रे जुन्या ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटले होते. त्यानं बटण बंद केलं, टेस्टर लावला. तरीही टेस्टरचा दिवा लागला.

"हिनं बंदच केलं होतं," मिस्त्री म्हणाला.

"माणसाला आरोपी करायच्या आधी वस्तू उघडून बघत जा," बाई म्हणाल्या. "त्याला सिद्धी लागत नाही, स्क्रूड्रायव्हर लागतो."

मालकांनी घसा साफ केला. "उद्यापासून ये कामावर."

"आधी बाकीच्या अकरा इस्त्र्या उघडा," धाकटी म्हणाली. "मग येते."