पाचवा तारा

मित्रांनो, माझा लाल पट्टा आता विटकरी झाला आहे आणि चंद्रकोरीशेजारचे पाच तारे पिवळट दिसतात. मी सिंगापूरचा झेंडा, तोआ पायोह वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहणारा.

नीलिमाकाकूंना इथले नागरिकत्व मिळाले, त्याच आठवड्यात त्यांनी मला विकत आणले. दर एक जुलैला त्या मला दारासमोरच्या कठड्याला बांधत आणि तीस सप्टेंबरच्या संध्याकाळी न चुकता उतरवत. नियमच तसा आहे. घडी घालताना एकेका ताऱ्यावर बोट टेकवून म्हणत, "लोकशाही, शांतता, प्रगती, न्याय, समता." निवडणूक राष्ट्रपतींची असो की संसदेची, काकू इस्त्रीची साडी नेसून निघत. "इथे मत देणं सक्तीचं आहे. मी मात्र हौसेनं देते," असे शेजारच्या सविताला सांगत. उरलेले नऊ महिने मी कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात.

गेल्या तीस सप्टेंबरला मला उतरवायला कोणीच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता ऑफिसला निघाली आणि मला पाहून थबकली.

"काकू, झेंडा बाहेरच राहिला की!"

आतून आवाज आला, "लोकशाही, शांतता, प्रगती, न्याय..." आणि थांबला.

"काकू, दार उघडा ना."

पुन्हा तेच चार शब्द. पाचवा नाहीच. सविता हसली आणि तिने खिडकीची काच सरकवली. तिचे हसू मावळले. काकू जमिनीवर पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेले, ओठ घट्ट मिटलेले. आवाज मात्र चालूच होता.

वारा पूर्ण पडला होता, तरी मी हलत होतो. सविताने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"समता," ती पुटपुटली.

आवाज बंद झाला. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. दार तोडावे लागले. डॉक्टर म्हणाले, आदल्या दुपारीच काकूंची वाचा गेली असावी.

मित्रांनो, कापडाला वाचा नसते. मी बोललो नाही, एवढेच मला ठाऊक आहे. काकू वाचल्या, आता तुटक तुटक बोलतात. त्या सकाळची गोष्ट सविताने त्यांना अजून सांगितलेली नाही.

मी फाटलो की मला पिशवीत नीट बांधून मानाने निरोप द्या. पण एखाद्या दारासमोरचा झेंडा वेळेवर उतरला नाही, तर नियम मोडला म्हणून तक्रार करू नका. आधी दार वाजवा.