नव्व्याण्णवाचा खण

ज्योतीरामला चिंचवड गावात घर घ्यायचं होतं आणि सरकारला एक छदामही द्यायचा नव्हता. बार्शीहून पिंपरीच्या कारखान्यात आलेल्या या गड्याने बायकोला, मंजुळाबाईला, तीन वर्षं दुसऱ्याच्या पडवीत ठेवून पैसे साठवले. अखेर बाळाजीचं सहा खणांचं घर विकायला निघालं, सहाशे रुपयांना. घर अरुंद, खणामागे खण, पुढे एकच दार.

घ्या आणि मोकळे व्हा, असं मंजुळाबाईचं म्हणणं. पण नवऱ्याची अक्कल उतू जात होती. खरेदीखत म्हटलं की स्टँप आला, रजिस्टर कचेरी आली, पुण्याचा हेलपाटा आला. शंभराच्या आतल्या व्यवहाराला कागद लागत नाही, ताबा दिला की झालं, असं कुणीतरी त्याच्या कानात भरलं होतं. निम्म्या गल्लीने हेच केलं होतं, आणि तिथे कुठला खण कुणाचा हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मग ठरलं, महिन्याला एक खण, नव्व्याण्णव रुपयांना. एकदम घेतलं तर बोभाटा होईल. बाळाजीने लगेच मान डोलावली. तो मान डोलावतो तेव्हा समोरच्याने आपला खिसा चाचपावा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शहाण्याला कोण सांगणार?

पहिला घेतला तो चुलीचा खण. ज्योतीरामच्या आईची शिकवण होती, आधी चूल पेटावी, मग बाकीचं घर. चूल सगळ्यात मागे. तिथून माजघर, मग धान्याचा खण, असं करत स्वारी पुढे सरकली. दर खणाला पानसुपारी वाटायची आणि सरकारला कसं बनवलं ते सांगायचं. वाचलेल्या पैशांचं कौतुक ऐकून ऐकून मंजुळाबाईला त्या पैशांचीच शिसारी आली.

राहिला दाराचा खण. तोवर नव्या कारखान्यांची बोलणी सुरू झाली होती, खोल्यांची भाडी चढली होती. ज्योतीराम नव्व्याण्णव रुपये घेऊन गेला, तर बाळाजीने सुपारी कातरत सांगितलं, "पाचशे. आन खरेदीखत करायचं, रीतसर. आपल्याला लबाडी खपत न्हाई. तुमाला नसंल जमत, तर एक शिंपी मागतोय दुकानाला."

ज्योतीराम वकिलाकडे धावला. सहाशेचं घर तुकडे पाडून घेतलं हे कोर्टात कोणत्या तोंडाने सांगणार, एवढंच वकिलाने विचारलं. मग या बहाद्दराने मागची भिंत फोडायचा बेत काढला. मागे गवराबाईचा गोठा. म्हणजे रोज म्हशीच्या परवानगीने घरात शिरायचं.

मंजुळाबाईला रडू आलं, आणि असल्या माणसापायी आपण रडतोय याचा रागही आला. तीन वर्षं तिने दुसऱ्याच्या पडवीत लुगड्याचा आडोसा करून अंघोळ केली होती. घर हातचं गेलं तर पुन्हा तीच पडवी होती. तिने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि बाळाजीला गाठलं. पाचशे देईन, म्हणाली, पण कागदावर सहाच्या सहा खण चढले पाहिजेत. बाळाजीचं काय जात होतं? त्याने पुन्हा मान डोलावली. या खेपेला मात्र ती त्याला हाताला धरून थेट पुण्याला घेऊन गेली. स्टँप पुरा भरला, त्याचा अंगठा उठवला आणि दिवस मावळायच्या आत परतली.

ज्योतीरामने कागद वाचला, पुन्हा वाचला. सगळं घर तिच्या एकटीच्या नावावर होतं.

"माझं नाव का न्हाई घातलं?" त्याने विचारलं.

"तुमचं नाव स्टँपावर चढलं असतं," मंजुळाबाई दाराच्या खणात केर काढत म्हणाली, "तर तुमाला झोप लागली नसती."