अप्पांचं चालणं

दाक्षायणीला तिचे अप्पा आठवतात ते सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर चालताना. एक हात कमरेवर, दुसरा तिच्या खांद्यावर, आणि तोंडानं कानडीत पावलांची मोजणी. ती तेव्हा सतरा वर्षांची होती.

अप्पा, म्हणजे रुद्रप्पा, यांचं मंगळवार पेठेत चादरींचं दुकान होतं. बहात्तर साली वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना शिडी सरकली आणि ते पाठीवर आपटले. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण कमरेतली कळ मात्र मुक्कामाला राहिली. कुणा गिऱ्हाइकानं अफूच्या गोळ्या आणून दिल्या. पहिली गोळी घेऊन अप्पा दुपारभर गाढ झोपले, तेव्हा दाक्षायणीच्या आईनं, गुरम्मानं, देवापुढं साखर ठेवली.

हळूहळू एकाच्या दोन गोळ्या झाल्या, दोनाच्या तीन. अप्पा दुकानात गादीवर बसल्या बसल्या पेंगायचे. पुढच्या जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला. दाक्षायणी धावत घरी आली. अप्पांनी गुणपत्रिका हातात धरली, हसले आणि तिथंच डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "दाक्षा, तुझा निकाल कधी हाय गं?"

दुपारी तिनं फडताळातली डबी काढली आणि सगळ्या गोळ्या मोरीत ओतून वर दोन घागरी पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांचे हाल सुरू झाले. अंगाला दरदरून घाम, उलट्या, पोटात पिळे. ते थरथरत भिंतीला धरून बसले. गुरम्मानं पेठेतल्या डॉक्टरांना बोलावलं. दाक्षायणीनं रडत रडत सगळं कबूल केलं.

"पोरी, असं एकदम तोडायचं नसतं," डॉक्टर म्हणाले. "शरीराला सवय झालीय. मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करू. पण नुसती कमी करून भागायचं नाही. कमरेला कामाला लावणारा माणूस पाहिजे."

असा माणूस बोळाच्या टोकालाच राहत होता. हरिबा लष्कराच्या दवाखान्यात जखमी जवानांना पुन्हा चालायला शिकवायचा आणि नुकताच पेन्शनीत निघाला होता. त्यानं अप्पांना घोंगडीवर उताणं निजवलं, एकेक गुडघा पोटाशी घ्यायला लावला.

"दुखतंय, हरिबा!"

"दुखणारच की, अण्णा. पर मोडणार न्हाय. श्वास सोडा. हां, आता दुसरा पाय."

रोज सकाळी हा व्यायाम, मग गुरम्मा तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधायची आणि कंबर शेकायची. मग चालणं. पहिल्या दिवशी अप्पा बोळाच्या तोंडापर्यंत गेले आणि "साकु, साकु" म्हणत, म्हणजे पुरे पुरे म्हणत, एका ओट्यावर बसले. हरिबानं त्यांना उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दहाच पावलं वाढवली.

एकदा थोडं बरं वाटलं म्हणून अप्पा हुरळून बाजारापर्यंत जाऊन आले आणि तीन दिवस अंथरुणाला खिळले. चौथ्या दिवशी हरिबा दारात उभा.

"बऱ्या दिवशी लई चालायचं न्हाय, वाईट दिवशी घरात बसायचं न्हाय. ठरलेलं तेवढंच. त्या दुखण्याला कोण मालक ते कळू द्या."

अप्पा चिडले. कानडीत काहीबाही पुटपुटले. पण टोपी घातली आणि निघाले.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी शेवटची गोळी बंद केली. कळ मात्र थांबली नाही. थंडीत ती पायापर्यंत उतरायची, आणि एखाद्या दुपारी अप्पा भिंतीकडं तोंड करून दात आवळून बसायचे. अशा वेळी दाक्षायणी शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. मध्येच ते वळून म्हणायचे, "ती बातमी पुन्हा वाच, मला ऐकू आली न्हाय." दुकानात ते अर्धा तास बसायचे, अर्धा तास उभे राहायचे. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ते पहिल्यांदा तळ्यापर्यंत पोचले. बरोबर फक्त दाक्षायणी होती. अप्पा दगडी पायरीवर टेकले, धापा ओसरू दिल्या आणि पाण्याकडं बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "गणितात तुला किती पडले होते?"

"एक्क्याऐंशी."

"आणि मी झोपलो." त्यांनी मान खाली घातली. "पोरी, आता सगळं सांग. पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. पेपर कसे गेले, मैत्रिणी काय म्हणाल्या, निकाल बघायला शाळेत केवढी गर्दी होती. अप्पा एकेक गोष्ट विचारत होते. ऊन चढलं, काठावरची धोबिणींची ओळ उठून गेली, तरी त्यांचे प्रश्न संपेनात.

त्यानंतर अप्पा अकरा वर्षं जगले, दुखती कंबर घेऊनच जगले. दाक्षायणी पुढं शाळेत शिक्षिका झाली. सुट्टीत माहेरी आली की दोघं सकाळी तळ्यावर जायची. संक्रांतीआधीच्या त्या पहिल्या सकाळची मऊ ऊब, ओल्या पायऱ्यांचा वास आणि खांद्यावरच्या त्या हाताचं वजन तिला अजून आठवतं.