केराबाईनं रिकामा परत दिलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे आणि सध्या माझ्या पोटात काहीही नाही. सोलापुरातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, फ्रीजरशेजारच्या फळीवर मी उभा असतो. झाकणाला रबराचं कडं आहे, दोन्ही बाजूंना चाप आहेत आणि डाव्या कुशीत एक खोल पोचा आहे. रिकाम्या डब्याला काय गोष्ट असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटात जे होतं त्यापायी एक इमानी कुत्रं मेलं, आणि ते त्याला चालत नाही हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणून मला बोलायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या गोल चकत्या साच्यात दाबून आम्हा भावंडांना आकार दिला गेला आणि मग आम्ही नवी पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात आलो. तिथं मी बरेच दिवस पडून होतो. बायका मला बोटांनी टकटक वाजवून बघायच्या आणि म्हणायच्या, “रबर कशाला? आमच्या घरात काय चार दिवस टिकतंय व्हय?” मग त्या साधा डबा घेऊन जायच्या. मला वाईट वाटायचं, पण आतल्या आत माझा तोराही कमी नव्हता. मी हवाबंद होतो ना!

एके दिवशी हॉटेलचा शेफ अभिमन्यू दुकानात आला. त्यानं माझ्यात पाणी भरलं, चाप लावले, मला उलटा केला आणि गदगदा हलवलं. एक थेंब बाहेर आला नाही. “हाच पाहिजे,” तो म्हणाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक, आणि त्यावर मी पुढं कितीतरी महिने जगलो.

माझ्यात मॅकाडेमिया भरायचा होता. हे परदेशी दाणे असतात. गोट्यांएवढे, पांढरट, गुळगुळीत, आणि चवीला ओल्या खोबऱ्याजवळ जाणारे. अंगात तेल एवढं, की चिमटीत धरलं तरी बोटं तुपकट व्हावीत. त्या तेलामुळेच ते लवकर खवट होतात. पहिल्या दिवशी अभिमन्यूनं सगळ्यांना ओट्याजवळ बोलावलं आणि सांगितलं, “याला उष्णता नको, उजेड नको, ओल नको आणि शेजारी कांदा-लसूण नको. डबा फ्रीजरमध्येच राहील. बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही. डब्याला घाम येतो, तो सुकू द्यायचा. मग लागेल तेवढं काढायचं आणि डबा परत आत.”

संगप्पा हा तिथला जुना आचारी, अक्कलकोटकडचा. तो म्हणाला, “अय्यो शेफ, हे दाणे हैत का जावई?”

सगळे हसले. अभिमन्यूही हसला. मग त्यानं बोट वर करून शेवटचं सांगितलं, “आणि खाली पडलेला एकही दाणा मागच्या दारातल्या कुत्र्यांना टाकायचा नाही. माणसाला चालतो, कुत्र्याला नाही. त्यांचे मागचे पाय लुळे पडतात.”

“एवढ्या महागाचा दाणा कुत्र्याला कोन घालतंय?” संगप्पा म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. अभिमन्यूनं पांढरी पट्टी घेतली, तिच्यावर फक्त तारीख लिहिली आणि माझ्या झाकणावर चिकटवली. बाकीचं सगळ्यांना माहीतच होतं, मग लिहायचं कशाला?

माझे ते दिवस मानाचे होते. मंद आचेवर भाजलेले माझे दाणे कुल्फीवर जाडसर कुटून पडायचे. पांढऱ्या रश्श्यात ते वाटून घातले की रस्सा सायीसारखा व्हायचा. संगप्पा मात्र प्रत्येक वेळी चव घेऊन म्हणायचा, “आमच्या शेंगाच बऱ्या की!”

आठ महिन्यांनी सुकन्या कामाला लागली. भाजी चिरणं, मसाला निवडणं, दाणे भाजणं ही तिची कामं. राहायला भवानी पेठेत, नवऱ्याबरोबर. आईवडील धनगर. येडू आणि केराबाई मेंढरं घेऊन मंगळवेढ्यापलीकडच्या रानात असायचे. सुकन्याइतकी माझी काळजी कुणी घेतली नाही. फ्रीजरमधून काढून ती मला ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, “डबेराव, घाम सुकू द्या आधी.” मग स्वच्छ फडक्यानं पुसून चाप उघडायची. ठेवण्याचे सगळे नियम तिला सांगितले होते. कुत्र्याचा नियम तेवढा राहून गेला. पहिल्या दिवशी ती तिथं नव्हती, आणि पट्टीवर तर नुसती तारीख होती.

मग लग्नसराईचा उन्हाळा आला. बाहेर डांबर वितळत होतं. एका मोठ्या जेवणावळीसाठी आईस्क्रीमचे खोके आले आणि फ्रीजरमध्ये जागा उरली नाही. संगप्पानं मला बाहेर काढलं आणि भट्टीवरच्या फळीवर ठेवलं. “उद्या ठेवतो आत,” तो स्वतःशीच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं. तो उद्या महिनाभर आलाच नाही. लग्नाच्या जेवणांत माझे दाणे लागत नव्हते, आणि मी खोक्यांमागं फ्रीजरमध्येच असेन असं सुकन्याला वाटलं. माझा पत्रा दिवसभर चटके खायचा आणि आतल्या दाण्यांचं तेल हळूहळू बिघडत होतं. वास बाहेर येऊन कुणाला कळावं, तर मी हवाबंद! ज्या गुणाचा मला तोरा होता तोच आडवा आला.

महिन्यानं अभिमन्यूनं मला उघडलं. एक दाणा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला.

“संगप्पा, हा डबा इथं कुणी ठेवला?”

“आईस्क्रीम मावत नव्हतं की शेफ. मी तरी कुटं ठेवू?”

पुष्कळ बोलाचाली झाली, ती सांगत बसत नाही. शेवटी अभिमन्यू सुकन्याला म्हणाला, “हे दाणे फेकून दे. डबाही टाक. रबराला वास बसलाय.”

“शेफ, डबा मी नेऊ? आयेला पीठ ठेवायला हुईल.”

“ने. दाणे मात्र फेकून दे हं,” तो म्हणाला आणि वळला. समोर सहा टेबलांचं जेवण खोळंबलं होतं. का फेकायचे, हे सांगायला त्याला सवड नव्हती.

सुकन्यानं मला कचऱ्याच्या पिंपावर तिरका धरला. तळाला दोन ओंजळी दाणे होते. मी मनात म्हणत होतो, ओत बाई, ओत. पण तिचा हात थांबला. आपल्याकडे रिकामा डबा कुणी कुणाला देत नाही. शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा आपण तिच्यात चिमूटभर साखर तरी घालतो. “रिकामा डबा आयेच्या हातात कसा देऊ?” ती पुटपुटली. घरी खवट शेंगदाणेही कुणी टाकत नाही, मग हे तर एवढे महागाचे. तिनं चाप लावले. करायला गेली आईचं कौतुक, आणि झालं भलतंच.

सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. रिकाम्या काळ्या रानात मेंढरांचा तळ होता. येडू मेंढरं चारायला गेला होता. जाळीच्या कुंपणात लहान कोकरं होती, आणि त्यांच्या राखणीला केराबाई आणि भुंग्या. भुंग्या म्हणजे काळं, रुंद छातीचं कुत्रं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. त्या रानात लांडग्यांचा वावर होता. पण पाच वर्षांत भुंग्यानं एकही कोकरू जाऊ दिलं नव्हतं. केराबाईची सगळी भिस्त त्याच्यावर.

केराबाईनं झाकण उघडलं. “आगं, ह्ये काय? सुपारी हाय व्हय?”

“परदेशी दाणं हायती, आये. लई भारी असत्यात. जरा खवट झाल्यात.”

केराबाईनं एक चावून बघितला आणि तोंड वाकडं केलं. “खोबऱ्यावानी लागतंय, पर न्हाय बया खाववत. भुंग्याला घालते. रातभर जागतंय माजं लेकरू. तेल पोटात गेलं तर अंगाला लागंल.”

तिनं दोन्ही ओंजळी दाणे दगडानं ठेचले, भाकरीत कुस्करले आणि भुंग्यापुढं ठेवले. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर! मागच्या दारातल्या कुत्र्यांचा तो नियम मी माझ्या कानांनी ऐकला होता. तिथं असलेल्यांपैकी ते फक्त मला माहीत होतं, आणि मी झाकण उघडं टाकून गप्प पडलो होतो. भुंग्यानं थाळी चाटून स्वच्छ केली. सुकन्यानं त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि दुपारची एसटी गाठायला ती निघून गेली.

ती गेल्यावर तासाभरात भुंग्या ओकला. ऊन लागलं असेल म्हणून केराबाईनं त्याला सावलीत ओढलं आणि पाणी पाजलं. तिसऱ्या प्रहरी तो उठायला गेला तर मागचे पाय घसरले. पुन्हा उठला, पुन्हा बसला. अंग थरथरत होतं. केराबाईनं त्याचे पाय चोळले, हळद लावली, देवाचं नाव घेतलं. “काय झालं रं माज्या राजाला?” असं ती सारखी विचारत होती.

दिवस बुडायला आला तरी येडूचा पत्ता नव्हता. विहिरीवर त्याला जुना सोबती भेटला होता आणि तो बोलत बसला होता. तेवढ्यात कोकरं एकदम गप्प झाली. बांधाच्या पलीकडून दोन लांडगे आले, सावकाश, घाई न करता.

भुंग्यानं त्यांना पाहिलं आणि तो निघाला. मागचं अंग जमिनीवर फरफटत, पुढच्या दोन पायांवर तो त्यांच्याकडे निघाला. भुंकायचा आवाज तेवढा पहिल्यासारखाच होता. केराबाईनं काठी फिरवली, आरडाओरडा केला. मग हाताला लागलो तो मी. तिनं मला उचललं आणि माझ्या कुशीवर दगड आपटायला सुरुवात केली. मी रिकामा होतो, म्हणून खूप वाजलो. जेवढं वाजता येईल तेवढं वाजलो. हा पोचा तेव्हाचा. लांडगे पळाले, पण दोन कोकरं घेऊन. भुंग्या कुंपणाच्या तोंडाशी पडला होता. पट्ट्यानं गळा वाचवला होता, पोट वाचवलं नव्हतं. येडू आला तेव्हा केराबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तो संपला होता.

“दिस बुडायच्या आत यायचं असतंय, किती येळा सांगितलं?” एवढंच ती येडूला म्हणाली. त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं. भाकरी करायची, दगडावर ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. येडू अर्धी खायचा, अर्धी तशीच ठेवायचा. पंधरा दिवस मी ते बघत होतो. माझ्यात कुणी पीठ भरलं नाही.

पंधरा दिवसांनी सुकन्या आली. कुत्रं गेल्याचं तिला फोनवर कळलं होतं. पाय लुळे पडल्याचं तिनं स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा अभिमन्यूनं हातातली सुरी खाली ठेवली होती आणि विचारलं होतं, “काय खाल्लं होतं त्यानं?” आता तिला सगळं समजलं होतं. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण दगडावरची भाकरी आणि पाठमोरी आई बघून ती खाली बसली आणि रडतच बोलली.

“आबाची चूक न्हाय, आये. त्या दाण्यानं पाय गेलं भुंग्याचं. शेफ टाक म्हनलं हुतं, म्याच आनलं. त्ये कुत्र्याला चालत न्हाईत.”

केराबाई तिच्याकडे वळली. “म्हंजी म्या माज्या हातानं घातलं व्हय?”

“दोन दिसांत उठून बसलं असतं, शेफ म्हनलं,” सुकन्या म्हणाली. तेही तिला लपवता आलं नाही.

“मंग मी येळंला आलो असतो तर...” येडू म्हणाला.

कुणी कुणाला दोष दिला नाही. केराबाईनं भाकरी उचलली, येडूच्या हातावर ठेवली आणि “खा” म्हणाली. पंधरा दिवसांतला तिचा त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता. मग तिनं मला राखेनं घासलं, धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि सुकन्यापुढं धरलं.

ज्या बाईनं जन्मात कुणाला रिकामं भांडं दिलं नव्हतं, तिनं मला लेकीच्या हातात रिकामा दिला.

“ह्यो ने,” ती म्हणाली. “ह्यात आता काय घालू नगं. ह्येच्यावर लिव्हून ठेव. मला वाचता येत न्हाय, पर ज्याला येतंय त्येनं मला सांगावं की.”

म्हणून मी परत या फळीवर आलो. सुकन्यानं माझी तारखेची पट्टी काढली आणि नवी चिकटवली. तिच्या मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं आहे, ‘मॅकाडेमिया. फ्रीजरमध्ये ठेवा. कुत्र्याला घालू नका.’ अभिमन्यूनं इतर डब्यांवरही तसंच लिहून घेतलं. आज नवा माणूस कामाला आला की संगप्पा त्याला आधी माझ्यासमोर उभा करतो आणि भुंग्याचं सगळं सांगतो. तो आता हसत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातल्या डब्यात काय आहे, कधीचं आहे आणि ते कुणाला चालत नाही, हे त्यावर लिहा. ज्याला वाचता येत नाही त्याला जवळ बसवून सांगा, आणि सांगताना पुढच्या कामाची घाई करू नका. आम्ही डबे आतलं सांभाळतो, आम्हाला सांगता मात्र येत नाही. ते तुम्हालाच करायला हवं.

कधीमधी नवं कुणीतरी मला उचलून म्हणतं, “चांगला डबा रिकामा का ठेवलाय? काहीतरी भरा की!” तेव्हा सुकन्या त्याच्या हातातून मला काढून घेते, पोच्यावरून फडकं फिरवते आणि परत फळीवर ठेवते.

“न्हाय,” ती म्हणते. “आयेनं रिकामा दिलाय.”