नाळ नेणारा लसीचा डबा

मी बर्फ तयार करत नाही, हे आधीच सांगतो. लोकांचा तसा समज होतो. मी लसीचा डबा. दुसऱ्यानं दिलेली थंडी सांभाळायची एवढंच माझं काम, आणि त्यात मी कुणाला हार जाणार नाही. अंग निळं, झाकण पांढरं, खांद्याला लावायला पट्टा. पोटात पाणी गोठवलेल्या चार चपट्या बाटल्या बसतात, त्यांना सगळे आइसपॅक म्हणतात. मधल्या जागेत लस.

१९९५ साली मी जव्हारला आलो. आमचा जिल्हा ठाणे. जव्हारच्या दवाखान्यात हौशीबाई नावाच्या नर्स होत्या, मूळ दाभोशाच्या. मी त्यांच्या वाट्याला आलो. पोलिओच्या रविवारी त्या मला खांद्याला लावून डोंगर चढायच्या. वाटेत कुणी म्हणालं, "बाई, बसा, दम घ्या," तर म्हणायच्या, "मी बसेन, पण बर्फ थांबत नाही." मला त्यांनी कधी उन्हात ठेवलं नाही.

१९९९ च्या डिसेंबरात नूरुन्निसा मला मागायला आली. जव्हारच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या लियाकतभाईंची ही मुलगी. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. लहानपणी शाळेत तिला हौशीबाईंनीच सुई टोचली होती.

"डबा कशाला गं तुला?" हौशीबाईंनी विचारलं.

"नाळ न्यायला. बाळंतपण झाल्यावर नाळ टाकूनच देतात ना? तिच्या आत रक्तवाहिन्या असतात आणि त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी मला हव्यात. ज्या आयांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांच्या."

"तशा आया तुला इथं शोधाव्या लागणार नाहीत," हौशीबाई म्हणाल्या आणि मला तिच्या हाती दिलं.

पहिल्या तीन नाळा मी नेल्या. आई आणि घरच्यांना विचारून नूरुन्निसा वीतभर तुकडा घ्यायची, औषधी पाण्याच्या बाटलीत ठेवायची आणि ती बाटली माझ्या पोटात. जव्हारहून एसटीनं ठाणं, पुढं टॅक्सी. दार ते दार नऊ तास. प्रयोगशाळेत ती नाळेच्या शिरेत औषध सोडून अस्तराच्या पेशी सुट्या करायची आणि काचेच्या बशीत उबेला ठेवायची. जिवंत पेशी बशीच्या तळाला धरतात. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्या पाण्यावर तरंगताना दिसल्या. मेलेल्या.

तिचे सर म्हणाले, "इतक्या लांबून जमणार नाही. मुंबईतल्या नाळा घे, विषय बदल."

विषय बदलायचा म्हणजे दोन वर्षं पाण्यात. ती मला परत करायला जव्हारला आली. दवाखान्याच्या ओट्यावर मला ठेवलं आणि तिन्ही नाळांचं काय झालं ते सांगितलं.

हौशीबाईंनी विचारलं, "आइसपॅक कसे भरतेस?"

"फ्रीजरमधून काढते आणि लगेच भरते. जितकं गार तितकं बरं ना?"

हौशीबाई आत गेल्या, एक आइसपॅक घेऊन आल्या आणि तो ओट्यावर ठेवला. "याला घाम येऊ दे." बराच वेळ गेला. आइसपॅकवर थेंब जमले. मग त्यांनी तो तिच्या कानाशी धरून हलवला. "काय ऐकू येतं?"

"पाणी हलतंय."

"आता भरायचा. त्याच्या आधी भरलास तर तुझी बाटली गोठते. त्रिगुणी लस अशीच गोठून फुकट जाते. तुझ्या पेशी लांबच्या रस्त्यानं नाही मेल्या, थंडीनं मेल्या."

मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण डब्याला कोण विचारतं?

चौथी नाळ पोशेऱ्याच्या सुकरीची. सकाळी मुलगी झाली, वजन दोन किलोला कमी. सुकरीच्या अंगात रक्त फार कमी होतं. नूरुन्निसानं नाळेचं विचारलं, तेव्हा तिनं सासूकडं बोट दाखवलं. सासू फागी दारातच उभी होती. वार आणि नाळ घरामागं पुरायची त्यांची रीत, म्हणून ती फडकं घेऊन आली होती.

नूरुन्निसा म्हणाली, "आजी, वीतभर तुकडा मला द्याल? बाकी सगळं तुमचं तुम्ही न्या."

"काय करशील त्याचा?"

"रक्त कमी असलं की बाळाच्या शिरांमध्ये काय बदल होतो, ते बघणार."

"आमाला काय भेटंल?"

"आज काही नाही, आजी. खोटं सांगत नाही."

फागीनं तिला नीट न्याहाळलं. "वजन करणारं येतात, लिवणारं येतात. नेतात नि जातात. काय लिवलं ते सांगाया कोन येत नाय. तू येशील?"

"येईन."

"मंग ने."

त्या दिवशी आइसपॅकना घाम येऊन गेला होता. विक्रमगडच्या पुढं एसटीचा टायर बसला आणि माझं झाकण सीटखाली आपटून कडी तुटली. नूरुन्निसानं ओढणीनं मला घट्ट बांधलं आणि ठाण्यापर्यंत मांडीवर घेतलं. अकरा तास लागले. मी थंडी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. मग सरांना हाक मारली. सरांनी पाहिलं. "धरल्यात तळाला," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून पुन्हा पाहायला लागले. पुढच्या तीन वर्षांत मी आणखी तेरा नाळा नेल्या. नवी कडी लियाकतभाईंनी पत्र्याची करून दिली, ती अजून आहे.

२००३ साली नूरुन्निसाला डॉक्टरेट मिळाली. त्याच महिन्यात ती हौशीबाईंना घेऊन पोशेऱ्याला गेली. हौशीबाईंना वाटेत लस द्यायची होती, म्हणून मीही होतो. फागी अंगणात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. सुकरी पुन्हा पोटुशी होती आणि तेव्हा जन्मलेली, आता तीन वर्षांची झालेली चैती तिच्या लुगड्याला धरून उभी होती.

"आली का तू," फागी म्हणाली. "सांग."

"आजी, तुमच्या घरात बी कशाकशाचं असतं?"

"भाताचं, नागलीचं, वरईचं, उडदाचं."

"सगळं एकदम काढता?"

"कशाला काढू? पाऊस बघायचा, जमीन बघायची. लागंल तेच काढायचं."

"पेशीचंही तसंच. प्रत्येक पेशीत सगळं बी असतं, त्याला आम्ही जनुकं म्हणतो. शिरेतली पेशी त्यातलं मोजकंच काढते. प्राणवायू कमी पडला की एक जास्तीचं काढते, नव्या शिरा फुटाव्यात म्हणून. ते बी काढतं कोण आणि परत ठेवतं कधी, तेच मी बघत होते."

"मंग ठेवतं का परत?"

"रक्त कमी असलेल्या आयांच्या नाळेत ते उशिरा ठेवलं गेलं. आम्ही भरपूर प्राणवायू दिला तरी. पण चौदाच नाळा होत्या, आजी. एवढ्यावरून सगळ्यांचं असंच असतं असं म्हणता येणार नाही. अजून खूप बघायचंय."

सुकरी पुढं सरकली. ती म्हणाली, "मंजे माझ्यात रगत कमी हाय, ते हिला पोटातच कळलं?"

"हिला नाही. हिच्या शिरांना."

सुकरीनं चैतीच्या डोक्यावर हात ठेवला. मग हौशीबाईंकडं न बघता म्हणाली, "तुमी दिलेल्या रगताच्या गोळ्या मी खाल्ल्या नाय. तोंड खराब व्हायचं. चुलीत टाकल्या."

हौशीबाईंना राग येईल असं मला वाटलं. गोळ्या वाटत त्या किती डोंगर चढल्या ते मी पाहिलं होतं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "जेवल्यावर खायच्या. मग एवढं मळमळत नाही."

"हायत का आता?"

हौशीबाईंनी पिशवीतून पुडी काढली. सुकरीनं ती कनवटीला खोचली. फागी म्हणाली, "मी बघते खाते का नाय ते," आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

आता २००७ उजाडलं आहे. हौशीबाई निवृत्त झाल्या. नूरुन्निसाची स्वतःची प्रयोगशाळा आहे, तिथं माझ्याहून देखणे डबे आहेत आणि नव्या नर्सेस आइसपॅक कानाशी धरूनच भरतात. माझ्या अंगाला मात्र तडा गेला. आतला थर ओला झाला आणि तासाभरात थंडी निसटते. कारकुनानं निरुपयोगी सामानाच्या यादीत माझं नाव लिहिलं, आणि त्याचं काही चुकलं नाही.

नूरुन्निसाचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा ती तो हौशीबाईंना दाखवायला घेऊन आली होती. 'नमुने थंड ठेवून आणले', एवढी एकच ओळ त्यात माझी. मला ती पुरते. तुम्ही कधी असं काही वाचलंत, तर अशा ओळीवर थोडं थांबा. ती लिहायला एक मिनिट लागतं आणि खरी करायला पुष्कळ माणसं लागतात.

निघतो. मी नेलेलं पोचलं.