मागचं दार

गावाने एकेक वीट डोक्यावर वाहून हे रुग्णालय उभं केलं, म्हणून गावकरी नेहमी मागच्या दाराने आत शिरत. पुढचं दार परक्यांसाठी. कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन सासूबाईही दुपारी तशाच आल्या.

"घाबरू नकोस गं, तुझा नवराही इथेच जन्मला. असा रडला, की डॉक्टरीणबाईंनी कानात कापूस घातला!"

सून हसली आणि कळवळून भिंतीला टेकली. आज फिनेलचा वास नव्हता. प्रसूतीच्या खोलीतल्या खाटांवर गाद्या नव्हत्या, ऑक्सिजनच्या नळ्या उपटलेल्या होत्या.

"अहो मावशी!" परिचारिका धावत आली. "पुढच्या दारावरची पाटी नाही वाचलीत? हा विभाग कालच बंद झाला. डॉक्टरीणबाईही गेल्या."

"आपल्याच घरात शिरताना पाटी कोण वाचतं, बाई?"

परिचारिकेने सुनेचं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. बाळ आडवं होतं.

"गाडी बोलावते," ती म्हणाली, पण शहर डोंगरापलीकडे होतं.

सासूबाईंनी उघड्या खाटेवर आपली शाल अंथरली.

"देवा, विटा आम्ही वाहिल्या," त्या पुटपुटल्या, "आता हे ओझं तू उचल."